जुन्या संगणकावरून नव्या संगणकावर फायली हलवताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विंडोज १० ला मिळणारी मोफत सुरक्षा अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. विंडोज ११ साठी लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षा व्यवस्था किंवा पुरेसा नवा प्रोसेसर नसल्यामुळे अनेक कार्यालयांना चांगले चालणारे संगणकही बदलावे लागत आहेत. मोठ्या कंपन्यांत या कामासाठी स्वतंत्र विभाग असतो. पतसंस्था, शाळा, सनदी लेखापालांची कार्यालये, लहान कारखाने अशा ठिकाणी मात्र हे काम कार्यालयातल्याच एखाद्या जाणत्या कर्मचाऱ्याकडे येते किंवा बाहेरचा तंत्रज्ञ एका दुपारीत ते उरकून जातो. पुढील उत्तरे पाच-पन्नास संगणक असलेल्या आणि फायली ज्याच्या त्याच्या संगणकावरच असलेल्या अशा कार्यालयांसाठी आहेत.

कामाची सुरुवात कोठून करावी?

संगणक वापरणाऱ्या व्यक्तीच्या शेजारी अर्धा तास बसून करावी. तिला नेहमीचे काम करायला सांगावे आणि ती कोणती फाईल कोठून उघडते, कोणते बटण दाबते, छपाई कोणत्या प्रिंटरवर देते, हे कागदावर टिपून घ्यावे. "तुमच्या फायली कोठे आहेत?" असे विचारले तर बहुतेक जण डेस्कटॉपकडे बोट दाखवतात, आणि ते उत्तर प्रामाणिक असले तरी अपुरे असते.

काही वर्षांपूर्वी एका कार्यालयात आस्थापना शाखेतील मॅडमचा संगणक मी बदलून दिला. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डी ड्राइव्ह सगळे आले होते, फायलींची संख्याही जुळली होती, म्हणून त्याच संध्याकाळी जुना संगणक फॉरमॅट केला. दुसऱ्या दिवशी पगारबिले काढताना मॅडमनी एक्सेलमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि पी ही बटणे एकत्र दाबली आणि काहीच घडले नाही. निवृत्त झालेल्या एका सहकाऱ्याने त्यांना एक मॅक्रो, म्हणजे ठरावीक कामे एका झटक्यात आपोआप करणारी आज्ञावली, करून दिला होता. तो पगाराच्या फाईलमध्ये नव्हता, तर ॲपडेटा या लपलेल्या फोल्डरच्या आत एक्सेल स्वतःची जी वैयक्तिक कार्यपुस्तिका ठेवते तिच्यात होता. मॅडमना त्याचे नाव माहीत नव्हते, जागा माहीत नव्हती, फक्त ती तीन बटणे माहीत होती. त्या महिन्याच्या कपातीच्या रकमेची जुळणी दोन दिवस बसून हाताने करावी लागली. मी त्यांच्या शेजारी दहा मिनिटे जरी बसलो असतो तरी ती बटणे माझ्या नजरेस पडली असती.

कोणत्या जागा हमखास राहून जातात?

सर्वात जास्त चुकते ते वर सांगितलेले ॲपडेटा फोल्डर, कारण ते डोळ्यांना दिसतच नाही. फाईल एक्सप्लोररमध्ये लपलेल्या गोष्टी दाखवण्याचा पर्याय चालू केल्यावर त्यात रोमिंग आणि लोकल ही उपफोल्डरे दिसतात. आउटलुकमधील ईमेलखालच्या सह्या, वर्डचे मूळ साचे, शुद्धलेखनासाठी वापरकर्त्याने शब्दकोशात भरलेले शब्द आणि ऑटोकरेक्टच्या याद्या रोमिंगमध्ये असतात. स्क्रीनवर चिकटवलेल्या पिवळ्या स्टिकी नोट्स लोकलमध्ये, पॅकेजेस या फोल्डरच्या बऱ्याच आत, एका लहानशा डेटाबेस फाईलमध्ये असतात. मात्र संपूर्ण ॲपडेटा फोल्डर उचलून नव्या संगणकावर टाकू नये, कारण त्यात जुन्या प्रोग्रॅमचा कचरा आणि त्या संगणकालाच बांधलेल्या सेटिंगही असतात. हवे तेवढेच वेचून घ्यावे.

त्यानंतर सी ड्राइव्हच्या अगदी मुळाशी बनवलेली फोल्डरे पाहावीत. जुनी लेखा सॉफ्टवेअर, ग्रंथालयाची किंवा शाळेची निकालपत्रके बनवणारे प्रोग्रॅम आपला डेटा तेथेच ठेवत असत. स्कॅनर स्कॅन केलेले कागद कोणत्या फोल्डरमध्ये टाकतो, तेही पाहावे. पब्लिक फोल्डर आणि दुसऱ्या वापरकर्त्याच्या नावाचे प्रोफाइल यांतही नजर टाकावी, कारण बदली होऊन गेलेल्या लिपिकाच्या नावाखाली आजही चालू असलेली नोंदवही असू शकते.

रिसायकल बिन रिकामा करण्यापूर्वी विचारावे. आउटलुकमधील डिलीटेड आयटम्स या फोल्डरबाबत तर हा प्रश्न अधिकच गरजेचा आहे. वाचून झालेले पण पुढे लागणारे ईमेल तेथे साठवण्याची सवय अनेकांना असते, आणि त्यांच्या दृष्टीने ती व्यवस्थित लावलेली कपाटेच असतात.

फायली पेनड्राइव्हवरून न्याव्यात, नेटवर्कवरून की हार्ड डिस्कवरून?

एखाद्या संगणकापुरता प्रश्न असेल तर बाहेरून जोडायची यूएसबी ३ हार्ड डिस्क किंवा एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) सर्वात सोयीची पडते, शिवाय हलवाहलव चालू असताना एक जादा प्रतही आपोआप तयार होते. नेटवर्कचा वेग आधी तपासावा. साधारण २०० जीबी डेटा १०० एमबीपीएसच्या जुन्या स्विचवरून (नेटवर्कच्या केबली जोडणाऱ्या पेटीवरून) न्यायला पाच तासांहून अधिक वेळ लागतो, तर त्याच्या दहापट वेगाचा गिगाबिट स्विच आणि चांगल्या केबलवरून तोच अर्ध्या-पाऊण तासात जातो. यूएसबी २ च्या पोर्टला जोडलेली डिस्क सुमारे दोन तास घेते. हे हिशोब मोठ्या फायलींचे आहेत. हजारो लहान फायली असतील तर वेळ कितीतरी वाढतो, म्हणून अशा वेळी रात्रभराचे काम धरून चालावे आणि संगणकाची झोपी जाण्याची सेटिंग आधीच बंद करावी.

पेनड्राइव्हबाबत एक अडचण पुन्हा पुन्हा येते. ड्राइव्हमध्ये भरपूर जागा असूनही एखादी मोठी फाईल त्यावर बसत नाही, कारण तो फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असतो आणि त्या पद्धतीत ४ जीबी किंवा त्याहून मोठी फाईल ठेवता येत नाही. ड्राइव्ह एक्सफॅट किंवा एनटीएफएस पद्धतीने फॉरमॅट केल्यावर अडचण दूर होते. फॉरमॅट करण्याआधी त्यावर दुसऱ्या कोणाचे काही नाही ना, हे पाहून घ्यावे.

कॉपी करताना "नाव खूप लांब आहे" असा संदेश का येतो?

विंडोजमध्ये ड्राइव्हच्या अक्षरापासून फाईलच्या नावापर्यंतचा पूर्ण मार्ग साधारणपणे २६० चिन्हांच्या आत बसावा लागतो. फोल्डरात फोल्डर, त्यात वर्ष, त्यात महिना अशी रचना असली की मार्ग लांबतो, आणि तो नव्या जागी आणखी एका फोल्डरखाली ठेवला की मर्यादा ओलांडली जाते. मराठी नावांत हे लवकर घडते, कारण संगणक काना, मात्रा, वेलांटी आणि हलन्त यांना वेगवेगळे चिन्ह धरतो. "कार्यालयीन" या शब्दात आपल्याला पाच अक्षरे दिसतात, संगणक त्याची दहा चिन्हे मोजतो. त्यामुळे "कार्यालयीन पत्रव्यवहार" या नावाच्या फोल्डरखाली तशीच लांब नावे असली की अडचण येणारच. वरच्या पातळीवरील एक-दोन फोल्डरांची नावे तात्पुरती आखूड करून कॉपी करणे हा सोपा उपाय आहे, किंवा लांब मार्ग हाताळू शकणारी रोबोकॉपी ही आज्ञा वापरावी.

रोबोकॉपी म्हणजे काय आणि ती सुरक्षित आहे का?

विंडोजमध्येच असलेली ही कॉपी करणारी आज्ञा आहे आणि या कामासाठी मी तिलाच पसंती देतो. मध्येच वीज गेली तर ती पुन्हा चालवल्यावर आधी गेलेल्या फायली सोडून उरलेल्याच नेते आणि शेवटी किती फायली गेल्या, किती राहिल्या, किती अयशस्वी झाल्या यांचा तक्ता देते. तो तक्ता लॉग फाईलमध्ये लिहून ठेवण्याचा पर्याय नेहमी वापरावा.

तीन गोष्टींची काळजी घ्यावी. काहीही न सांगितल्यास एखादी अडलेली फाईल ती १० लाख वेळा, दर वेळी ३० सेकंद थांबून, पुन्हा कॉपी करू पाहते, म्हणजे सकाळी येऊन पाहिले तर ती रात्रभर त्याच फाईलवर अडकलेली असते. म्हणून पुनःप्रयत्न एक आणि प्रतीक्षा एक सेकंद असे स्पष्ट सांगावे. वापरकर्त्याच्या प्रोफाइलमध्ये काही फोल्डरे केवळ दुसऱ्या फोल्डरकडे बोट दाखवणारी असतात. त्यांना वगळण्याचा पर्याय दिला नाही तर त्याच त्या फायली पुन्हा पुन्हा खोल जात राहतात. तिसरी गोष्ट "मिर" (/MIR) या पर्यायाची. तो मुक्कामाची जागा मूळ जागेशी हुबेहूब करतो, म्हणजे मुळात नसलेले सगळे मुक्कामावरून पुसून टाकतो. घाईत दोन्ही मार्गांची अदलाबदल झाली तर नव्या, रिकाम्या फोल्डराप्रमाणे जुने फोल्डर रिकामे होईल. या कामात तो पर्याय मुळीच वापरू नये, साध्या कॉपीने काम पूर्ण होते.

नव्या संगणकावर जुन्या मराठी फायली अगम्य रोमन अक्षरांत का दिसतात?

आपल्याकडच्या कार्यालयांत सर्वाधिक घबराट याच प्रश्नाने उडते. फाईल बिघडलेली नसते. युनिकोडचा, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला सगळ्या संगणकांवर एकच क्रमांक देणाऱ्या पद्धतीचा, वापर रूढ होण्यापूर्वी मराठी मजकूर श्री-लिपी, कृतिदेव, शिवाजी किंवा सी-डॅकच्या आयएसएम या सॉफ्टवेअरमधील सुरेख, योगेश अशा फॉन्टमध्ये टंकित केला जाई. या फॉन्टमध्ये संगणकाच्या लेखी रोमन अक्षरे आणि चिन्हेच साठवलेली असतात, आणि फॉन्ट त्यांच्या जागी देवनागरीचे आकार दाखवतो. नव्या संगणकावर तो फॉन्ट नसला की झाकण उघडल्यासारखी आतली रोमन अक्षरे दिसू लागतात. फॉन्ट बसवला की मजकूर पूर्ववत दिसतो.

म्हणून जुना संगणक सोडण्यापूर्वी त्यावरील फॉन्टची यादी काढावी. विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमध्ये पाहावेच, पण विंडोज १० च्या २०१८ नंतरच्या आवृत्त्यांत एखाद्याने केवळ स्वतःपुरता बसवलेला फॉन्ट त्याच्या ॲपडेटामध्ये असतो, तेथेही पाहावे. जुने भाषिक सॉफ्टवेअर हार्डवेअर लॉकवर (संगणकाला लावल्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नाही अशा लहान उपकरणावर) चालत असेल तर तो लॉक आणि परवान्याचा कागद हातात घेऊनच पुढे जावे. समांतर पोर्टला लावायचा लॉक असेल तर नव्या संगणकावर ते पोर्टच नसते, तेव्हा पुरवठादाराशी आधी बोलून घ्यावे.

महत्त्वाच्या कागदपत्रांची, विशेषतः ठराव, सेवापुस्तकाच्या नोंदी आणि दाखल्यांचे नमुने यांची, जुन्या संगणकावरच फॉन्ट अंतर्भूत करून पीडीएफ प्रत काढून ठेवावी. पुढेमागे मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करायचा असेल तर रूपांतरक साधनावर पूर्ण विसंबू नये. ऱ्य, र्‍ह, ळ, अर्धा श, ॲ आणि आकडे यांत चुका राहतात. एखाद्या ठरावातील नाव किंवा रक्कम बदललेली कोणाच्या लक्षातही येत नाही. मूळ फाईल आणि रूपांतरित फाईल दोन्ही जपाव्यात आणि वाचन माणसानेच करावे.

कीबोर्डचाही प्रश्न याच्याशी जोडलेला आहे. उच्चारानुसार टंकलेखन करणाऱ्यांपैकी अनेक जण गुगलचे विंडोजसाठीचे इनपुट साधन वापरत असत, ते आता अधिकृतरीत्या मिळत नाही. मे २०१९ नंतरच्या विंडोजमध्ये मराठीचा उच्चारानुसारी कीबोर्ड अंगचाच आहे आणि इनस्क्रिप्ट हा भारतीय लिप्यांचा प्रमाण कीबोर्ड तर त्याआधीपासून आहे. ज्याला जो सरावाचा आहे तो पहिल्याच दिवशी लावून द्यावा. टंकलेखनाचा वेग मंदावला की नवा संगणकच वाईट वाटू लागतो.

आउटलुकमधील जुने ईमेल कसे आणावेत?

खाते कोणत्या प्रकारचे आहे, यावर ते अवलंबून आहे. एक्स्चेंज, मायक्रोसॉफ्ट ३६५ किंवा आयमॅप खात्याचे ईमेल सर्व्हरवर असतात, आणि त्यांची ओएसटी फाईल ही केवळ स्थानिक प्रत असल्याने ती न्यायची गरज नसते. नव्या संगणकावर खाते जोडले की ती पुन्हा तयार होते. पॉप पद्धतीच्या खात्यात मात्र ईमेल संगणकावरच्या पीएसटी फाईलमध्ये उतरलेले असतात आणि सर्व्हरवरून ते केव्हाच पुसले गेलेले असू शकतात. जगातली एकमेव प्रत तीच आहे असे समजून तिला हात लावावा. आउटलुक पूर्ण बंद करून फाईल कॉपी करावी. ती सामान्यतः डॉक्युमेंट्समधील आउटलुक फाइल्स या फोल्डरमध्ये असते, पण आउटलुकच्या खाते-सेटिंगमधील डेटा फाइल्सच्या यादीतूनच खरी जागा पाहावी. त्या यादीत वर्षावर्षाची नावे दिलेल्या जुन्या संग्रह-फायलीही सापडतात. पीएसटी फाईल नेटवर्कवरील सामायिक फोल्डरमध्ये ठेवून तेथूनच वापरू नये, त्याने ती बिघडते.

ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड फोल्डर कॉपी करून येतात का?

येत नाहीत. विंडोज ते त्या वापरकर्त्याच्या ओळखीशी बांधून कूटबद्ध, म्हणजे सांकेतिक रूपात, ठेवते, त्यामुळे क्रोम किंवा एजचे फोल्डर जसेच्या तसे नेले तरी पासवर्ड उघडत नाहीत. कार्यालयाच्या खात्याने सिंक करावे किंवा पासवर्ड निर्यात करून नव्या ब्राउझरमध्ये आयात करावेत. निर्यात केलेली फाईल साध्या मजकुराची असते आणि कोणालाही वाचता येते, म्हणून आयात होताच ती पुसून टाकावी आणि रिसायकल बिनमधूनही काढावी. तंत्रज्ञाने ती पेनड्राइव्हवर बरोबर नेणे कोणत्याही परिस्थितीत चालवून घेऊ नये.

टॅलीचा डेटा कसा हलवावा?

टॅली या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमधीलच बॅकअपची सोय वापरून प्रत काढावी आणि नव्या संगणकावर रिस्टोअर करावी. डेटाचा मार्ग टॅलीत दिसतो, आणि तेथे प्रत्येक कंपनीचे आकड्यांच्या नावाचे स्वतंत्र फोल्डर असते. तेही खबरदारी म्हणून वेगळे जपून ठेवावे. टॅली चालू असताना ते फोल्डर कॉपी करू नये. जुन्या संगणकावरील परवाना आधी सरेंडर करावा, मग नव्यावर सुरू करावा. हलवल्यावर जुन्या आणि नव्या संगणकावर एकाच तारखेचे तेरीजपत्रक छापून दोन्ही शेजारी ठेवून पाहावे. फायलींच्या मोजणीपेक्षा ही तपासणी लेखापालाला जास्त पटते.

डिजिटल सहीचे काय?

सही यूएसबी टोकनमध्ये असते, संगणकात नसते. नव्या संगणकावर टोकनचा ड्रायव्हर आणि संबंधित पोर्टलला लागणारे सहीचे साधन बसवावे लागते. पिन आठवत नसेल तर अंदाजाने टाकत बसू नये, ठरावीक चुकीच्या प्रयत्नांनंतर टोकन बंद होते.

आमच्या फायली वनड्राइव्हमध्ये आहेत, मग वेगळे काही करावे लागेल का?

तरीही तपासावे लागेल. डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स वनड्राइव्हशी जोडलेले असले तरी डी ड्राइव्हवरचे काहीही त्यात नसते. मोफत खात्यात केवळ ५ जीबी जागा मिळते. ती भरली की नव्या फायली वर जाणे थांबते, आणि कोपऱ्यातल्या लहानशा खुणेकडे महिनोन्‌महिने कोणी पाहत नाही. उलट, ज्या फायलींवर ढगाचे चिन्ह दिसते त्या संगणकावर नसतातच, तेथे केवळ त्यांचे नाव असते. जुनी डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला लावल्यास त्या मिळणार नाहीत.

जुना संगणक सुरूच होत नाही. त्याची डिस्क नव्याला लावून फायली काढता येतील का?

बहुधा येतील. "परवानगी नाही" असा संदेश आला तर प्रशासक म्हणून फोल्डरची मालकी घेता येते. बिटलॉकर (पूर्ण डिस्क कूटबद्ध करणारी विंडोजची सोय) लावलेले असेल तर ४८ अंकी पुनर्प्राप्ती-की लागेल, आणि तिच्याशिवाय डिस्क उघडण्याचा मार्ग नाही. नव्या संगणकांवर हे कूटबद्धीकरण अनेकदा आपोआप चालू होते, म्हणून ही की संगणक हाती आला त्याच दिवशी छापून कार्यालयाच्या कुलूपबंद कपाटात ठेवावी. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर पुन्हा पुन्हा चालू करून पाहू नये. दर वेळी वाचण्याची शक्यता कमी होते.

कॉपी झाल्यावर फायलींच्या तारखा बदललेल्या का दिसतात?

फाईल तयार झाल्याची तारीख ही त्या डिस्कवर ती आल्याची तारीख धरली जाते. शेवटचा बदल केल्याची तारीख कायम राहते. रोबोकॉपीला सांगितल्यास फोल्डरच्या तारखाही जपल्या जातात.

सगळे आले, हे कसे ओळखावे?

दोन्हीकडील फायलींची संख्या आणि एकूण आकार जुळवून पाहावा, मग निरनिराळ्या फोल्डरांतील वीस-पंचवीस फायली प्रत्यक्ष उघडाव्यात. त्यांत सर्वात जुनी, सर्वात मोठी, मराठी नावाची आणि पासवर्ड लावलेली अशी प्रत्येकी एक तरी असावी. एकमेकांशी जोडलेल्या एक्सेल फायली असतील तर त्यांतील दुवे तपासावेत. ड्राइव्हचे अक्षर किंवा वापरकर्त्याचे नाव बदलले की ते तुटतात, आणि जुना आकडा तसाच दिसत राहिल्याने चूक पटकन कळत नाही. शेवटी पहिल्या दिवशीचा कागद घेऊन पुन्हा त्याच व्यक्तीच्या शेजारी बसावे आणि तिने तेच काम नव्या संगणकावर करून दाखवेपर्यंत उठू नये.

जुना संगणक केव्हा पुसावा?

किमान एक महिनाअखेर नव्या संगणकावर पार पडल्याशिवाय पुसू नये. लेखा शाखेच्या बाबतीत तिमाहीचे विवरणपत्र भरून होईपर्यंत थांबणे अधिक चांगले. या काळात जुन्या संगणकाची नेटवर्क केबल काढून ठेवावी आणि त्यावर कोणी नवे काम करणार नाही, हे पाहावे, नाहीतर एकाच फाईलच्या दोन आवृत्त्या वाढू लागतात. जागेची अडचण असेल तर नुसती डिस्क काढून, तिच्यावर वापरकर्त्याचे नाव आणि तारीख लिहून जपावी.

हिशोबाच्या फायली जुन्या झाल्या म्हणून टाकू नयेत. कंपन्यांना हिशोबाची पुस्तके किमान ८ आर्थिक वर्षे जपावी लागतात, आणि वस्तू व सेवा कराच्या नोंदी त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने.

पुसताना केवळ क्विक फॉरमॅट पुरेसे नाही. त्याने अनुक्रमणिका जाते, मजकूर सहज मिळणाऱ्या साधनांनी परत काढता येतो. फिरत्या हार्ड डिस्कवर संपूर्ण डिस्क एकदा पुन्हा लिहून काढणारे साधन वापरावे. एसएसडीवर तिच्या उत्पादकाने दिलेली सुरक्षित पुसण्याची सोय वापरावी. त्यानंतरच संगणक नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्राकडे द्यावा. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेले ई-कचरा नियम मोठ्या वापरकर्त्यांना तसे बंधनच घालतात. आधार क्रमांक, बँक खाती, विद्यार्थ्यांचे दाखले असलेली डिस्क भंगारवाल्याच्या हातगाडीवर जाता कामा नये, आणि ती पुसल्याची तारीख व पुसणाऱ्याची सही जडवस्तू नोंदवहीत त्या संगणकाच्या नोंदीसमोर असावी.